स्त्री-अभ्यासात एम. ए. करताना : प्रवेश, वाचन, क्षेत्रकार्य आणि लघुप्रबंध

स्त्री-अभ्यास किंवा लिंगभाव (जेंडर) अभ्यास या विषयात एम. ए. करण्यासाठी बहुतेक विद्यापीठांत कोणत्याही शाखेची पदवी चालते, हे अनेकांना ठाऊक नसते. वाणिज्य शाखेची पदवीधर, काही वर्षे रुग्णालयात नोकरी केलेली परिचारिका, वकिलीची सनद घेतलेला तरुण आणि समाजशास्त्रात बी. ए. झालेली मुलगी असे सगळे एका वर्गात येतात, आणि त्यांच्यापैकी जवळजवळ कोणीच हा विषय आधी शिकलेला नसतो. म्हणून आपला पाया कच्चा आहे, ही धास्ती बाळगण्याचे कारण नाही. अडचण येते ती वेगळ्या कारणाने. हा विषय म्हणजे स्त्रियांवरील अन्यायांची यादी आणि त्यांवरील उपाययोजना अशी समजूत घेऊन पुष्कळजण येतात आणि पहिल्याच सत्रात गोंधळतात. कारण वर्गात चर्चा चाललेली असते ती कोणाचे श्रम काम म्हणून मोजले जातात, लग्न कोणाशी होऊ शकते हे कोण ठरवते, जमीन कोणाच्या नावावर चढते, कोणती लैंगिकता सभ्य आणि कोणती गुन्हा ठरते, आणि या सगळ्यात जात व वर्ग कसे काम करतात, याविषयी. पुरुष आणि पुरुषपणाच्या कल्पना हाही याच अभ्यासाचा भाग आहे. वर्गात मुलगे थोडे असतात, पण त्यांनी पाहुण्यासारखे अंग चोरून बसण्याची गरज नसते.

हा लेख मुख्यतः मराठी माध्यमातून शिकून या विषयाकडे वळणाऱ्यांसाठी आहे. माझ्या मते या अभ्यासात मराठी येणे हे मोठे भांडवल आहे. ते कसे वापरायचे, एवढे मात्र शिकून घ्यावे लागते.

विभाग निवडताना

भारतातील विद्यापीठांमधले स्त्री-अभ्यासाचे पहिले केंद्र महाराष्ट्रातच उभे राहिले. स्त्रियांच्या दर्जाची पाहणी करण्यासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल १९७४ च्या अखेरीस तयार झाला आणि त्याने सुशिक्षितांना धक्का दिला : दर हजार पुरुषांमागे १९०१ मध्ये ९७२ असलेली स्त्रियांची संख्या १९७१ मध्ये ९३० वर आली होती. राज्यघटनेने समानता देऊन दोन दशके उलटली असताना हे घडत होते, आणि विद्यापीठांतल्या कोणत्याही विषयाने त्याची दखल घेतलेली नव्हती. त्याच वर्षी मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे संशोधन सुरू झाले. १९८१ मध्ये त्याच विद्यापीठात पहिली राष्ट्रीय परिषद भरली आणि पुढच्या वर्षी भारतीय स्त्री-अभ्यास संघटना स्थापन झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अशा केंद्रांना अनुदान देण्यास सुरुवात केली, तेव्हा पुणे विद्यापीठात जे केंद्र निघाले ते आज क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र म्हणून ओळखले जाते. विद्युत भागवत आणि शर्मिला रेगे यांच्या अध्यापनामुळे त्याला स्वतःची ओळख मिळाली. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था हे तिसरे ठिकाण. तेथील पदव्युत्तर प्रवेशांसाठी अलीकडे सीयूईटी-पीजी ही सामाईक परीक्षा द्यावी लागते, आणि तिच्या अर्जाची मुदत विद्यापीठांच्या नेहमीच्या प्रवेशांच्या कितीतरी आधी संपते. निकाल लागल्यावर चौकशी करू, असे म्हणणाऱ्यांचे वर्ष तेथेच जाते.

नावावरून निवड करू नये. एकाच विषयाला कोठे स्त्री-अभ्यास, कोठे लिंगभाव, संस्कृती व विकास, तर कोठे आणखी काही नाव असते. अभ्यासक्रमाची पूर्ण प्रत मिळवून ती विषयपत्रिकेनुसार वाचावी आणि काही गोष्टी मुद्दाम शोधाव्यात. जात हा एखाद्या पत्रिकेतला शेवटचा घटक आहे, की सगळ्या पत्रिकांमधून येतो? लैंगिकतेवर स्वतंत्र पत्रिका आहे काय? क्षेत्रकार्याला किती गुण आहेत आणि त्यासाठी वेळापत्रकात जागा ठेवली आहे काय? उत्तरपत्रिका व लघुप्रबंध मराठीत लिहिण्याची मुभा आहे काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तोंडी घेऊ नये, विद्यापीठाचा नियम पाहावा. त्यानंतर दुसऱ्या वर्षाला असलेल्या एखाद्या विद्यार्थिनीला गाठून सध्या शिकवते कोण, हे विचारावे; संकेतस्थळावर झळकणारी नावे बरेचदा निवृत्त झालेल्यांची असतात. शिष्यवृत्तीचे अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावे लागतात. त्यासाठी लागणारे जातीचे व उत्पन्नाचे दाखले प्रवेशाआधीच काढून ठेवलेले बरे.

ज्यांना पूर्ण एम. ए. करणे शक्य नाही, त्यांनी समाजशास्त्र, इतिहास, मराठी वाङ्मय, राज्यशास्त्र किंवा कायदा यांपैकी एखाद्या विषयात राहून लिंगभावाची पत्रिका ऐच्छिक म्हणून घ्यावी. हा मार्ग दुय्यम नाही. या क्षेत्रातले अनेक नावाजलेले अभ्यासक मुळात दुसऱ्याच विषयातून आलेले आहेत.

पहिल्या सत्रातले वाचन

पहिल्या आठवड्यात हातात पडणारी वाचनयादी बहुतेक इंग्रजी असते आणि ती पाहून मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्याचे अवसान गळते. अशा वेळी यादी बाजूला ठेवून ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' वाचायला घ्यावे. १८८२ मध्ये छापलेले हे छोटे पुस्तक एका खटल्यातून निघाले आहे. सुरतेजवळच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी करण्यात आली, आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून एकंदर स्त्रीजातीच्या दुर्वर्तनावर लेख येऊ लागले. बुलढाण्याच्या ताराबाईंनी त्यांना उत्तर म्हणून लिहिले. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली, पण नंतर जवळजवळ नव्वद वर्षे हे पुस्तक विस्मृतीत गेले होते. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले.

हे पुस्तक दोनदा वाचावे. पहिल्यांदा सलग, भाषेचा वेग अनुभवत. दुसऱ्यांदा वही घेऊन, आणि प्रत्येक पानाशी तीन गोष्टी टिपत : ताराबाई येथे कोणाला उद्देशून बोलत आहेत, कोणत्या स्त्रियांबद्दल बोलत आहेत, आणि कोणत्या स्त्रिया या पानावर नाहीत. तिसरे टिपण सर्वांत अवघड जाते. ते जमावे म्हणून लगेच मुक्ता साळवे यांचा निबंध वाचावा. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला हा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये आला, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. ती आपला धर्म कोणता, असे थेट विचारते, आणि आपल्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसते, थंडीपावसात त्यांचे हाल होतात, हे सांगते. दोन्ही मजकूर शेजारी ठेवले की विधवेच्या पुनर्विवाहाचा प्रश्न सगळ्या स्त्रियांचा प्रश्न म्हणून मांडला गेला तरी ज्या जातींत पाट लावण्याची, म्हणजे विधवेचे दुसरे लग्न लावण्याची, रीत होती तेथे तो त्याच रूपात नव्हता, आणि तेथील स्त्रीच्या दुःखाचे स्वरूप वेगळे होते, हे विद्यार्थ्याला स्वतःहून दिसते. एवढे दिसल्यावर जात आणि लिंगभाव यांच्या परस्परसंबंधावरचा कोणताही इंग्रजी लेख परका राहत नाही.

आता त्या लेखांकडे वळावे. सुरुवात डॉ. आंबेडकरांच्या १९१६ च्या निबंधापासून करावी असे मी सुचवेन, मग तो यादीत असो वा नसो. कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या या निबंधात त्यांनी जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात असल्याचे दाखवले आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या तिन्ही प्रथा जातीची कुंपणे शाबूत ठेवण्याचे उपाय म्हणून कशा वापरल्या गेल्या, ते उलगडले. त्यानंतर उमा चक्रवर्ती यांची १९९३ मधली ब्राह्मणी पितृसत्तेची, म्हणजे जात टिकवण्यासाठी स्त्रियांवर नियंत्रण ठेवणाऱ्या व्यवस्थेची, मांडणी, गोपाळ गुरू यांचा दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्यावरचा १९९५ चा लेख आणि त्याला १९९८ मध्ये शर्मिला रेगे यांनी दिलेला प्रतिसाद असा क्रम ठेवला, तर वाद एकातून एक कसा निघत गेला ते समजते. सुटे लेख वाचणाऱ्याला फक्त मते कळतात. क्रमाने वाचणाऱ्याला भांडण कळते, आणि परीक्षेतला प्रश्न बहुधा भांडणावरच असतो.

इंग्रजी लेख वाचण्याची एक सोपी शिस्त आहे. पहिला व शेवटचा परिच्छेद आधी वाचून लेखकाचा मुख्य दावा मराठीत एका वाक्यात लिहावा. मग प्रत्येक परिच्छेदापुढे समासात मराठीत चार-पाच शब्द लिहावेत. शेवटी आपले पहिले वाक्य पुन्हा तपासावे. ते बहुतेक वेळा बदलावे लागते. प्रत्येक अवघड शब्दासाठी शब्दकोश उघडू नये, पण लिंगभाव, पितृसत्ता, लैंगिकता, पुनरुत्पादन, भिन्नलिंगी विवाहसंस्था अशा संज्ञा कोणता लेखक कोणत्या अर्थाने वापरतो, याची स्वतंत्र वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवावी. तिघाचौघींचा वाचनगट असला तर उत्तम. त्यात प्रत्येकीने एक लेख वाचून दुसरीला मराठीत समजावून सांगायचा. आयत्या नोट्सवर आणि यंत्राने करून दिलेल्या सारांशांवर विसंबणाऱ्यांची उत्तरे दोन ओळींत ओळखू येतात, हे तपासणाऱ्या कोणालाही विचारून पाहावे.

आकडे आणि निकालपत्रे

कलाशाखेतून आलेले विद्यार्थी आकड्यांना घाबरतात आणि विज्ञान-वाणिज्यातून आलेले त्यांवर फारच लवकर विश्वास ठेवतात. दोघांनाही उपयोगी पडेल असे एक उदाहरण देतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळ-वापर सर्वेक्षण केले. घरातल्या बिनमोबदला कामावर स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे घालवतात, हा त्यातला आकडा वृत्तपत्रांतून गाजला. फरक तिपटीचा दिसतो. पण ही सरासरी कोणाची, हे तक्त्याखाली लिहिलेले असते : ज्यांनी त्या दिवशी असे काम केले, फक्त त्यांची. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के जणींनी असे काम केले होते, आणि पुरुषांपैकी केवळ २६.१ टक्क्यांनी. ज्यांनी काडीही इकडची तिकडे केली नाही तेही हिशेबात धरले, तर सरासरी स्त्रियांसाठी २४३ मिनिटे आणि पुरुषांसाठी २५ मिनिटे येते, म्हणजे फरक जवळजवळ दहापट होतो. दोन्ही आकडे सरकारी आहेत आणि दोन्ही खरे आहेत. २०२४ च्या सर्वेक्षणात पहिल्या पद्धतीचे आकडे २८९ आणि ८८ मिनिटे आले. त्यावरून परिस्थिती सुधारली असे लिहिण्याआधी काय तपासावे लागेल, हा प्रश्न वर्गातल्या चर्चेसाठी चांगला आहे.

निकालपत्रांचेही तसेच आहे. बातमी वाचून कायद्यावर लिहू नये. त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे १९७२ मध्ये पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला त्या मुलीच्या नावावरून मथुरा प्रकरण म्हणून ओळखला जातो. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, याला त्या निकालात मोठे महत्त्व दिलेले होते. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चौघा कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आधी निकालपत्र वाचावे, त्यात संमती म्हणजे काय मानले आहे त्या ओळींखाली खुणा कराव्यात, आणि मगच खुले पत्र उघडावे. उलट क्रमाने वाचले तर आपले डोळे पत्रलेखकांचे होतात आणि न्यायालयाचा युक्तिवाद आतून समजत नाही. ज्याचे खंडन करायचे तो युक्तिवाद आतून समजल्याशिवाय लिहिलेले उत्तर घोषणेसारखे वाचले जाते.

लैंगिकतेची पत्रिका

या पत्रिकेबद्दल घरी काय सांगायचे, असा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारते. लैंगिकतेचा विचार परदेशातून आयात झाला, असे म्हणणाऱ्या काकांसाठी रघुनाथ धोंडो कर्वे यांचे उदाहरण पुरेसे आहे. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले, १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, आणि १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला ते हरले. त्या मासिकाचे अंक मिळाले तर वाचकांचे प्रश्न आणि कर्व्यांची उत्तरे आवर्जून वाचावीत. त्या काळच्या मध्यमवर्गीय घरांत काय विचारण्याची चोरी होती, ते तेथे कळते.

पुढचा टप्पा कायद्याचा. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या भारतीय दंडविधानाच्या कलम ३७७ मधून सज्ञानांचे संमतीचे संबंध दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये वगळले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय उलटवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी ते पुन्हा वगळले. मध्ये एप्रिल २०१४ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींच्या ओळखीचा हक्क मान्य करणारा निकाल आला. २०२३ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास न्यायालयाने नकार दिला. हा क्रम पाठ असावा, पण पत्रिका तेवढ्यावर संपत नाही. महाराष्ट्रात २००५ मध्ये डान्स बारवर बंदी आली, २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. त्या काळात स्त्रीवादी संघटनांमध्येच दोन तट पडले होते. बारबालांच्या उपजीविकेचा हक्क महत्त्वाचा मानणाऱ्या एका बाजूला, आणि ठरावीक जातींतल्या मुलींना पिढ्यान्‌पिढ्या नाचगाण्यात ढकलणारी व्यवस्था हक्काच्या भाषेआड लपते, असे म्हणणाऱ्या काही दलित स्त्रीवादी दुसऱ्या बाजूला. हा वाद अभ्यासताना घाईने एका बाजूला जाऊन बसू नये. लावणी आणि तमाशातल्या कलावंत स्त्रियांच्या जातीय श्रमावर शर्मिला रेगे यांनी जे लिहिले आहे ते आधी वाचले, तर या वादाला किती जुनी पाळेमुळे आहेत ते ध्यानात येते.

वर्गातल्या वर्तनाबद्दल थोडे. या विषयात स्वतःचा अनुभव हाही ज्ञानाचा स्रोत मानला जातो, त्यामुळे कोणी घरातल्या हिंसेबद्दल, कोणी आपल्या लैंगिक ओढीबद्दल बोलते. ते ऐकलेले वर्गाबाहेर नेऊ नये. आणि आपण स्वतः काही सांगितलेच पाहिजे, असे दडपणही घेऊ नये. न सांगणाऱ्याचे गुण कमी होत नाहीत. शिक्षकाने तसा आग्रह धरला, तर नकार देण्याचा अधिकार विद्यार्थ्याला आहे. प्रत्येक विद्यापीठात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावे कोठे लावलेली आहेत, हे पहिल्याच महिन्यात पाहून ठेवावे.

क्षेत्रकार्य

येथे थोडे थांबावे लागेल, कारण चांगले वाचलेले विद्यार्थीही क्षेत्रावर जाऊन प्रश्नावली भरून आणतात आणि हाती काही लागत नाही. मराठवाड्यातील ऊसतोडीचे उदाहरण घेऊ. दिवाळीच्या आसपास बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून लाखो लोक पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जातात. मजुरांच्या टोळ्या नेणारा मुकादम मजुरीची उचल आगाऊ देतो आणि ती कोयत्यामागे ठरते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बोलणी पुरुषाशी होतात, पैसे पुरुषाच्या हातात पडतात, आणि बाईने तोडलेला ऊस, बांधलेल्या मोळ्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरलेले ओझे यांचा हिशेब कोठेच वेगळा निघत नाही. प्रश्नावलीत 'कुटुंबप्रमुखाचे उत्पन्न' असा रकाना असला की आपणही तेच करतो जे मुकादम करतो.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशये काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला. राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. खासगी डॉक्टरांचा लोभ हे याचे एक उत्तर आहे, आणि ते बातमीत मावते. अभ्यासकाला आणखी मागे जावे लागते : कामाचा खाडा पडला की उचलीतून दंड कापला जातो, फडाजवळच्या कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांमध्ये, शौचालय नसते, पाणी नसते, पाळीच्या दिवसांतही ओझी वाहावी लागतात, लग्न लवकर होते म्हणून पंचविशी-तिशीत मुले झालेली असतात, आणि कर्ज फिटेपर्यंत गाव सोडता येत नाही की टोळी सोडता येत नाही. बाईचा निर्णय या सगळ्याच्या मध्ये उभा असतो. तो तिने स्वतः घेतला की तिच्याकडून घेतला गेला, असा दोनच पर्यायांचा प्रश्न विचारला, तर उत्तर चुकीचेच मिळणार.

अशा ठिकाणी जाताना वेळ आधी ठरवावी. बायका पहाटे चारच्या सुमारास उठून भाकरी करतात आणि अंधारातच फडात जातात. दुपारी भेटायला गेलेल्या संशोधिकेला रिकाम्या कोप्या आणि लहान मुले सांभाळणाऱ्या मुली दिसतात. संध्याकाळी गेले तर बाई स्वयंपाकात आणि बोलायला पुरुष मोकळे, म्हणून वहीत पुरुषांचे बोलणे भरते. चुलीपाशी बसून, भाकरी थापल्या जात असताना, ध्वनिमुद्रण न करता झालेल्या गप्पांमधून सर्वांत जास्त कळते; त्यांची टिपणे त्याच रात्री लिहून काढावीत, कारण सकाळपर्यंत त्यांचे शब्द जाऊन आपले शब्द उरतात. संमती तोंडी घेतली तरी चालते, पण ती काय छापले जाईल हे साध्या मराठीत सांगून घ्यावी. नावे, गाव आणि मुकादमाचे नाव बदलावे. केवळ बाईचे नाव बदलून गावाचे ठेवले तर ती कोण हे सगळ्या टोळीला कळते. हिंसेबद्दल खोदून विचारू नये. कोणी आपणहून सांगितलेच, तर तिला हवी असल्यास मदत कोठे मिळेल हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आणि तालुक्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याचे कार्यालय जाण्यापूर्वीच माहीत करून घ्यावे. मदतीचे आश्वासन देऊन माहिती घेणे तर अजिबात नको.

लघुप्रबंध

मार्गदर्शकाकडे विषय घेऊन जाणारे बहुतेक विद्यार्थी 'ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रियांचे सक्षमीकरण' असे काहीतरी लिहून नेतात. त्याचे काय करायचे, हे मार्गदर्शकालाही कळत नाही. बचत गटांत रस असेल तर प्रश्न इतका लहान करावा : एका गावातल्या दोन गटांत, बाईच्या नावावर निघालेले कर्ज प्रत्यक्षात कशावर खर्च झाले, हप्ता कोणाच्या कमाईतून गेला आणि पासबुक घरात कोणाजवळ असते? याचे उत्तर चार महिन्यांत मिळू शकते, आणि त्यातून कर्ज, श्रम व घरातली सत्ता यांवर बोलता येते.

ज्यांना क्षेत्रावर जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी मराठी नियतकालिके हा मोठा खजिना आहे. १९३० मध्ये सुरू झालेले 'स्त्री', १९८९ मध्ये विद्या बाळ यांनी सुरू केलेले 'मिळून साऱ्याजणी', त्याआधीचे 'समाजस्वास्थ्य' यांच्या एखाद्या दशकाच्या अंकांतल्या केवळ जाहिराती, केवळ वाचकांची पत्रे किंवा केवळ आरोग्यविषयक लेख घेतले तरी लघुप्रबंधाला पुरेल इतके साहित्य मिळते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि जिल्ह्यांतली जुनी नगर वाचनालये येथे जुने अंक चाळता येतात. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते त्या ग्रंथपालांशी नम्रपणे आणि वरचेवर बोलत राहावे. सूचीत नसलेले गठ्ठे त्यांच्या ओळखीनेच बाहेर येतात.

मौखिक इतिहास करू पाहणाऱ्यांनी ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या १९८९ मधल्या 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकाची पद्धत अभ्यासावी. आंबेडकरी चळवळीत काम केलेल्या वृद्ध स्त्रियांना घरोघरी शोधून त्यांनी मुलाखती घेतल्या, आणि चळवळीच्या इतिहासात ज्यांची नावे आली नव्हती त्या नावानिशी उभ्या राहिल्या. सोबत जुन्या कागदपत्रांचा आधार घ्यावा. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित स्त्रियांची जी परिषद झाली तिने घटस्फोटाच्या हक्काचा आणि कामगार स्त्रियांच्या रजेचाही ठराव केला होता. अशा ठरावाची भाषा आणि त्या परिषदेला गेलेल्या एखाद्या आजीच्या घरात आज सांगितली जाणारी आठवण यांच्यात जे अंतर पडते, त्यावर एक संपूर्ण प्रकरण लिहिता येते. मुलाखत ज्या बोलीत झाली त्याच बोलीत उतरवून घ्यावी. वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणाऱ्या बाईला प्रमाण मराठीत आणले की तिच्या वाक्यातला अर्धा जोर निघून जातो.

पुढे काय

घरच्यांच्या या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे. कायम प्राध्यापकपदे थोडी आहेत, अनेक केंद्रे योजनानिहाय अनुदानावर उभी राहिली, आणि २०१७ मध्ये पंचवार्षिक योजनांची पद्धत संपली तेव्हा त्यांच्या पुढच्या निधीबद्दल मोठी अनिश्चितता निर्माण झाली होती. अध्यापनात जायचे असेल तर स्त्री-अभ्यास विषयातली नेट परीक्षा दुसऱ्या वर्षातच द्यावी, आणि जमले तर आपल्या मूळ विषयातलीही, कारण महाविद्यालयांतल्या जागा बहुतेक मूळ विषयाच्याच असतात. अध्यापनाबाहेर काम अधिक आहे : महिला आर्थिक विकास महामंडळ आणि उमेद हे राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान यांचे बचत गटांचे कार्यक्रम, हिंसाग्रस्त स्त्रियांसाठीच्या सखी केंद्रांतले समुपदेशन, स्वयंसेवी संस्थांतले संशोधन, पत्रकारिता. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार प्रत्येक अंतर्गत समितीवर बाहेरची एक जाणकार व्यक्ती लागते, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी अशी मराठीतून प्रशिक्षण देऊ शकणारी माणसे फार कमी आहेत.

मुलाखतीला जाताना गुणपत्रिकेसोबत लघुप्रबंधाचा दहा पानी मराठी गोषवारा न्यावा, त्यात एक तक्ता आणि एक मुलाखतीचा उतारा असावा. निवड करणारे तो तेथल्या तेथे उघडतात आणि प्रश्न त्यावरूनच विचारतात.